तळहात सपाट होईपर्यंत

हे लिहायला मला सुरेखा सिस्टरनी बसवलं. त्या बीडला नर्सिंगच्या मुलींना शिकवतात. म्हणाल्या, "शोभाताई, जखम कशी भरते ते पुस्तकात आहे. जखम झालेली बाई कशी वागते ते पुस्तकात नाही. तेवढं तुम्ही लिहा." मी म्हटलं, अहो, मी खानावळवाली, बारावीला मराठीत पास झाले एवढंच माझं लिखाण. तर म्हणाल्या, बोलता तसं लिहा. बोलण्यात मी कधी कमी पडले नाही, हे आमचे मालकसुद्धा कबूल करतील.

तेव्हा ज्यांचं काही भाजलंय, कापलंय आणि भरता भरत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. आणि नवा पांढरा ड्रेस घालून वॉर्डात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या, घाबरलेल्या पोरींसाठी. डॉक्टरी ज्ञान यात शोधू नका, सापडणार नाही.

तवा

चौसाळ्यात हायवेला लागून आमची खानावळ आहे. पिठलं, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी. गल्ल्यावर मालक, म्हणजे माझा नवरा. गल्ल्याशेजारच्या खुर्चीत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं काम गिऱ्हाइकांवर, मालकांवर आणि माझ्यावर लक्ष ठेवणं. शेगडीपुढे मी. भाकरीला एक बाई ठेवू, असं मालक दरवर्षी म्हणत आणि मी दरवर्षी नाही म्हणे, कारण दुसरीच्या हातचे भाकरीचे काठ मला बघवत नाहीत.

त्या दिवशी दुपारी लग्नाच्या वऱ्हाडाची जीप येऊन थांबली. सगळ्यांना एकदम भूक लागलेली. मी घाईत शेगडी पुढे ओढली, तिचा एक पाय वाकला आणि सकाळपासून तापलेला लोखंडी तवा घसरत माझ्याकडे आला. मी तो डाव्या हाताने धरला. पडू नये म्हणून! पडला असता तर काय बिघडलं असतं, लोखंडच ते. पण हात पुढे जाताना डोक्याला विचारत नाही.

पुढची चूक मात्र मी डोक्याला विचारून केली. शेजारी पिठाचा डबा उघडा होता. आमच्याकडे भाजलं की हात पिठात घालतात. पीठ थंड असतं, आग ओढून घेतं म्हणतात. मी मनगटापर्यंत हात खुपसला आणि खरं सांगते, क्षणभर फार बरं वाटलं. आत्याबाई खुर्चीतून ओरडत होत्या, "काढू नको गं, राहू दे आत, लई वेळ राहू दे!" शेवटी काढला तेव्हा तळहातावर पिठाचा थर बसला होता, जखमेतलं पाणी पिऊन घट्ट झालेला.

बीडच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी हात उजेडात धरला.

"हे वरचं काय आहे?"

"ज्वारीचं," मी म्हटलं.

"ज्वारीचं काय?"

"पीठ," मालक मधेच म्हणाले. "आमच्या घरचीच ज्वारी हाय, साहेब. लई चांगली."

डॉक्टरांना हसू आवरेना आणि मला रडू. मग ते पीठ धुऊन काढण्याचा कार्यक्रम झाला, त्याचं वर्णन करत नाही. मालक बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. धुता धुता डॉक्टर एवढंच म्हणाले, "भाजलं की नळाखाली धरायचं. साधं वाहतं पाणी, बराच वेळ. दुसरं काही नाही." खानावळीत नळ माझ्या पाठीमागे होता, हात लांब केला की पोचेल एवढ्यावर.

पट्टी झाल्यावर त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "जखम खोल आहे. भरेल. पण तळहाताची जखम भरताना कातडी आत ओढली जाते. हात पूर्ण उघडेल का, ते मी आज सांगू शकत नाही."

भेटायला आलेले सगळे म्हणत, डावाच तर हात आहे, उजवा वाचला, देवाची कृपा. त्यांना काय सांगू! भाकरी थापतो उजव्या हाताने, पण परातीतून उचलून तव्यावर टाकायला दोन्ही तळहात सपाट लागतात. एक जरी वाकडा राहिला तर भाकरी मधोमध फाटते. आणि आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर ठेवून त्याची पूजा करायची, हे मला सात-आठ वर्षांची असल्यापासून ठाऊक. माझं पोट आणि माझा देव, दोन्ही या एका तळहातावर. तो मिटलेलाच राहिला तर मी कोण, असा प्रश्न मला दवाखान्याच्या त्या हिरव्या चादरीवर पडला आणि मी फार घाबरले.

पोरी

दवाखान्यात दिवस घड्याळावर चालत नाही, गाड्यावर चालतो. चहाचा गाडा, गोळ्यांचा गाडा, झाडूवालीची बादली आणि मग ड्रेसिंगचा गाडा. तो खडखडत आला की आमच्या वॉर्डातल्या सगळ्या बाया एकदम देवभक्त होत.

त्या गाड्यामागे सुरेखा सिस्टर आणि त्यांच्या पाच-सहा पोरी. पहिल्या दिवशी पोरी माझ्या हाताकडे अशा बघत होत्या, जणू हात त्यांना चावणार आहे.

"बघताय काय? सांगा, काय दिसतं?" सिस्टर म्हणाल्या.

"लाल आहे, मॅडम."

"सूज आहे."

एकीने हातमोजा घातलेल्या बोटाची पाठ कडेला टेकवली. "गरम लागतंय."

चौथी रुखसार, दिंद्रुडची. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, ठणकतंय का?"

"न्हाई गं, गुदगुल्या होतायत," मी म्हटलं.

पोरी फिस्सकन हसल्या. सिस्टरही हसल्या आणि म्हणाल्या, "आणि पाचवं? शोभाताई, मूठ करून दाखवा." मला जमेना. "हे पाचवं. ज्याचं जे काम ते बंद पडतं. लाली, सूज, ऊब, ठणका आणि काम बंद. या पाच खुणा दिसल्या की समजायचं, शरीर कामाला लागलं."

मी उठूनच बसले. मला वाटत होतं सूज म्हणजे वैरी. सिस्टर म्हणाल्या, पहिल्या काही दिवसांची सूज वैरी नसते. लाली दंडाकडे चढायला लागली, ताप आला, घाण वास आला, तर मात्र लगेच सांगायचं. पण ही आत्ताची सूज म्हणजे साफसफाईला आलेली माणसं.

मग मला ते सगळं माझ्या भाषेत समजलं. लग्नात पहिली पंगत उठली की काय होतं? लगेच दुसरी बसवता येते का? आधी पत्रावळ्या उचलायच्या, सांडलेलं पुसायचं, खरकटं बाहेर न्यायचं. त्या वेळी मांडवात किती गोंधळ, किती गर्दी, आणि पाहुण्याला वाटतं इथं काही खरं नाही. पण ते झाल्याशिवाय नवी पंगत बसत नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा रुखसार म्हणाली, "मावशी, परीक्षेत असंच लिहू का?" सिस्टर म्हणाल्या, "लिही. पण खाली पुस्तकातलंही लिही, नाहीतर पेपर तपासणारीला भूक लागेल."

त्या दिवसापासून पट्टी सोडताना मी डोळे मिटणं बंद केलं. भीती होती, पण आता तिच्यात थोडी उत्सुकता मिसळली होती. ठणका मात्र तेवढाच होता, त्याला पंगतीचं काही सांगून उपयोग नव्हता.

पथ्य

मला घरी सोडलं आणि दिवसाआड ड्रेसिंगला बीडला यायला सांगितलं. घरी आले आणि भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने कुणी येत नाही. बिस्किटाचा पुडा, केळी, मोसंबी आणि सोबत एक पथ्य.

नणंद आली. तिने वांगं बंद केलं, कारण वांग्याने जखम चिघळते. चुलत सासऱ्यांनी वरण बंद केलं. डाळ खाल्ली की जखम पू धरते, त्यांच्या डोळ्यांदेखत एकाचा पाय असा गेला होता. शेजारच्या काकूंनी भात काढला, भाताने पाणी सुटतं. माझ्या माहेरच्या मावशीने दूध, दही, ताक एका झटक्यात बाद केलं, कारण पांढरं खाल्लं की पांढरंच बाहेर येणार. शेंगदाण्याने खाज सुटते. मटकीने वात धरतो. हरभऱ्याचं तर नावच काढायचं नाही. जो येई तो माझ्या ताटातला एक पदार्थ उचलून जाई.

आणि आत्याबाई प्रत्येकाचं ऐकत. एरवी कुणाचा एक शब्द न ऐकणारी ही बाई, पण माझ्या हाताच्या बाबतीत तिने गावाला हक्क देऊन टाकला होता. "कोण जाणं कुणाचं खरं निघंल," म्हणायच्या. "एक चूक पिठाची झाली. आता दुसरी न्हाई व्हायची."

शेवटी माझ्या ताटात उरलं काय, तर भाकरी आणि दोडक्याचं पाणी. वर चहा, काळा. मी खानावळवाली! रोज दोनशे ताटं माझ्या हाताखालून जातात आणि मी दोडक्याच्या पाण्यात भाकरी बुडवून खात होते, ती भाकरीसुद्धा मालकांनी घाईघाईत ठेवलेल्या बाईच्या हातची, काठ फाटलेली. बाहेरून आमटीच्या फोडणीचा वास यायचा आणि मी पदराने नाक झाकायचे. पण खरं सांगायचं तर मीही विरोध केला नाही. हात वाचणार असेल तर दगड खा म्हटलं असतं तरी खाल्ला असता.

शिवाय सगळ्यांनी सांगितलं होतं, मूठ मिटून छातीशी धर, वारा लागू देऊ नको. ते तर सोपं होतं. मिटल्यावर ठणका कमी व्हायचा. रात्रंदिवस मी मूठ मिटून बसायचे.

थांबलेली जखम

काही आठवड्यांनी ड्रेसिंगच्या टेबलावर पट्टी सुटली. सूज उतरली होती, लाली गेली होती, मला वाटलं झालंच बरं. पण डॉक्टर हाताकडे बघत राहिले. जखम फिकी पडली होती, कच्च्या पिठासारखी, आणि तिच्या कडा होत्या तिथेच होत्या.

"ही थांबलीय," ते म्हणाले. "आठवडाभर बघू. लाल झाली नाही, तर मांडीची कातडी काढून इथं लावावी लागेल. बोटंही आखडायला लागलीत. मूठ मिटून ठेवायची नाही म्हणून कागदावर लिहून दिलं होतं ना?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी मालकांकडे. तो कागद गोळ्यांच्या पिशवीत तसाच होता. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले आणि मी तिथेच बसून राहिले. मांडीच्या कातडीची भीती नव्हती. बोटांची होती. चार बोटं अशी वाकली होती, जणू मी लिंबू धरून बसलेय.

पोरी पट्टी बांधायला आल्या. रुखसारला त्या महिन्यात एका पेशंटची सगळी हकिगत लिहून वर्गात सांगायची होती आणि तिने माझी निवड केली होती. ती बिचारी मला बोलतं करायला म्हणाली, "मावशी, काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

"भाकरी आणि दोडका."

"आणि?"

"काळा चहा."

"परवा?"

"भाकरी आणि दोडका. तेरवाबी तेच. पोरी, तू विचारायची थांब, मीच सांगते." आणि मी सगळी पथ्यं सांगितली, कुणी काय काढलं ते नावानिशी. आधी पोरी हसत होत्या. मग रुखसारचं हसू थांबलं आणि ती सिस्टरना हाक मारायला पळाली. पळताना तिची चप्पल निसटली ती तिने तशीच टाकली.

सिस्टरनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या फक्त म्हणाल्या, "पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन या."

आत्याबाई बघतात

आत्याबाई नवं लुगडं नेसून, लढाईच्या तयारीने आल्या. सिस्टर काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"डाळीनं पू धरतो हे काय आमी आज ऐकतोय व्हय? ह्या पोरी आत्ता शिकायल्यात. आमच्या सासूनं, तिच्या सासूनं हेच केलं."

"आजी, सुनेची जखम तुम्ही बघितली का?" सिस्टरनी विचारलं.

"न्हाई बा. मला बघवत न्हाई."

"एकदा बघा. मग तुम्ही सांगाल तसं करू."

रुखसारने पट्टी सोडली. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, अर्धवट बघितलं, मग पदर काढून नीट बघितलं.

"हे असं पांढरं कशानं पडलंय?" आवाज एकदम लहान झाला होता.

"नवी कातडी विणायला सूत लागतं, आजी. ते डाळीतून येतं. दुधातून, मटकीतून, शेंगदाण्यातून येतं. आत माग लागलाय, पण सूतच येत नाहीये."

"म्हंजी आमीच उपाशी ठिवली का हिला?"

सिस्टर उत्तर द्यायच्या आत आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. लग्न होऊन मला वीसेक वर्षं झाली, मी या बाईला माझ्यासमोर कधी रडताना बघितलं नव्हतं. मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, "आत्याबाई, रडू नका, मला दोडका आवडायला लागलाय." तर रडता रडता म्हणाल्या, "गप बस. तुला दोडका कधीच आवडला न्हाई."

सिस्टरनी विचारलं, अंडं चालेल का. आत्याबाईंनी अशी नजर टाकली की सिस्टर लगेच म्हणाल्या, "बरं, डाळच. पण भरपूर."

भरपूर म्हणजे काय ते आत्याबाईंनी चौसाळ्यात दाखवून दिलं. घरी पोचल्या पोचल्या त्यांनी निरोप धाडले. ज्याने जो पदार्थ बंद केला होता, त्याने तोच करून आणायचा. चुलत सासरे दुसऱ्या दिवशी वरणाचं पातेलं घेऊन दारात उभे, मान खाली घालून. शेजारच्या काकूंनी भात आणला. नणंदेने वांग्याची भाजी आणली, वर शेंगदाण्याचे लाडू. माहेरची मावशी दह्याचं गाडगं घेऊन एसटीने आली. रुखसारच्या आईने, जिला मी कधी बघितलंही नव्हतं, दिंद्रुडहून मुलीच्या हाती मोड आलेली मटकी पाठवली, फडक्यात बांधून, ओलीच. मी खाटेवर बसले आणि गाव माझ्यापुढे पंगत वाढत होतं. आत्याबाई समोर बसून घास मोजायच्या, "अजून एक. त्या जखमेसाठी एक." मी इतकं खाल्लं की ब्लाउज शिवणाऱ्या बाईला नवीन माप घ्यावं लागलं. आणि प्रत्येक घासाला मनात एकच, लाल हो बाई, लाल हो.

दाणे

आठवडा भरला त्या दिवशीच्या ड्रेसिंगला डॉक्टरांच्या आधी रुखसारने बघितलं. पट्टीचा शेवटचा पदर ओलसर करून तिने हळूच उचलला आणि तशीच थांबली.

"काय गं? बोल की!"

"मावशी," ती म्हणाली, "दाणे!"

कडेने, फिक्या जखमेच्या काठाला, बारीक बारीक लाल ठिपके उठले होते. ओले, चमकदार, डाळिंबाच्या कोवळ्या दाण्यांसारखे. सगळ्या पोरी टेबलाभोवती वाकल्या. डोक्याला डोकी लागली. सिस्टर म्हणाल्या, हे नवं मांस, नीट बघून घ्या, जखमेत यापेक्षा सुंदर काही नसतं. कुणालातरी टाळी वाजवायचा मोह झाला आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं मला मुलगा झाला.

डॉक्टर आले, बघितलं, म्हणाले, "मांडीला हात लावत नाही आता." मालक तिथेच खाली बसले. मग उठून बाहेर गेले आणि वॉर्डभर वाटायला जिलेबी घेऊन आले. ज्या बाईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं तिलाही जिलेबी भरवायला निघालेल्या तिच्या नातेवाइकांशी रुखसारला भांडावं लागलं.

मी रडले. हसतही होते. त्या लाल ठिपक्यांइतकं प्रेम मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींवर केलं असेल.

लांबलेली पूजा

जखम मिटली. वर कांद्याच्या पापुद्र्यासारखी गुलाबी कातडी आली आणि तिच्यासोबत खाज, जी मी शत्रूलाही देणार नाही. सिस्टर म्हणाल्या खाज म्हणजे भरतंय. मी म्हटलं, भरू द्या, पण शांतपणे भरू द्या.

पण बोटं वाकलेलीच. रात्री बांधायला फळी दिली होती आणि दिवसातून अनेकदा तळहात उघडून ताणायचा होता. ताणला की नवी कातडी फाटेल असं वाटायचं. डोळ्यांपुढे काजवे. दोनदा ताणलं की मी म्हणायचे, झालं, उरलेलं संध्याकाळी. संध्याकाळी म्हणायचे, सकाळी. मालकांनी समजावलं, रुखसारने फोन करून समजावलं. मला सगळं समजत होतं. दुखत होतं.

एके दिवशी सकाळी आत्याबाई आंघोळ करून, भस्म लावून माझ्यापुढे पाटावर बसल्या. इतके महिने माझी पूजा नुसती मनातल्या मनात चालली होती, लिंग कपाळाला लावून परत गळ्यात.

"जखम मिटली ना?"

"मिटली."

"डॉक्टर हाताला पाणी चालतंय म्हणले ना?"

"म्हणाले."

"मग आन हात इकडं."

त्यांनी आपला उजवा तळहात माझ्या डाव्या हाताखाली धरला. दुसऱ्या हाताने माझी बोटं एक एक करून सरळ केली, अगदी हळू, जशी लहान पोराची मूठ सोडवतात. दुखलं. मी हात मागे ओढायला गेले आणि त्यांनी माझ्या तळहातावर माझं लिंग ठेवलं.

आता ओढून दाखवा हात! हलला असता तर लिंग खाली पडलं असतं, आणि ते मरेपर्यंत घडू द्यायचं नसतं. मी दातावर दात दाबून हात उघडा ठेवला. डोळ्यांत पाणी, समोर लिंग, खाली आत्याबाईंचा खरबरीत, गरम हात. त्यांनी पाणी घातलं, बेल वाहिला, मंत्र म्हटले. दुखणं होतं तिथंच होतं, पण मी त्याच्याकडे बघत नव्हते. पूजा संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी इतका वेळ कधीच हात ताणला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूजा थोडी लांबली. तिसऱ्या दिवशी आणखी. आत्याबाई असली स्तोत्रं म्हणायला लागल्या जी मी या घरात कधी ऐकली नव्हती. मालकांनी दारातून डोकावून विचारलं, "आई, हे कुठलं?" तर डोळे न उघडता म्हणाल्या, "तू दुकान बघ." एकदा तर मी शपथेवर सांगते, त्यांनी एकच स्तोत्र तीनदा म्हटलं. त्यांचा हात अवघडला तरी त्या खालून काढून घेत नसत.

हे मी सिस्टरना सांगितलं तेव्हा त्यांनी तळहात उलटासुलटा करून बघितला. म्हणाल्या, "आम्ही लाकडाची फळी दिली, त्यांनी आपल्या हाताची फळी केली." आणि पोरींना म्हणाल्या, "घरात कोण आहे ते पेशंटला पहिल्यांदा विचारत जा." रुखसारने वर्गात माझी हकिगत सांगितली तेव्हा म्हणे आत्याबाईंचं नाव तिने औषधांमध्ये घेतलं.

एका सकाळी आत्याबाईंनी खालचा हात हळूच काढून घेतला. मला कळलंही नाही. लिंग माझ्या तळहातावर स्थिर होतं.

भाकरी

करंगळी अजून थोडी वाकडी आहे. ती तशीच राहील म्हणतात. राहू दे.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी खानावळीत परातीपुढे बसले. नवी शेगडी होती, चांगली जड. भाकरीवाली बाई बाजूला उभी, मालक उगाच पाण्याचे तांबे इकडून तिकडे करत होते. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, मीच सकाळची वेळ धरली होती. पीठ मळलं, गोळा घेतला, थापायला लागले. उजवा हात विसरला नव्हता. पण थापता थापता मनात भीती, उचलताना फाटली तर? म्हणून जरा जाडच ठेवली. मग दोन्ही तळहात खाली सारले. डाव्या हाताच्या कातडीला पिठाची थंडाई लागली, ओळखीची. भाकरी उचलली. ती माझ्या दोन्ही हातांवर अख्खी होती. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगली. मालक तांब्या हातात घेऊनच तव्याशी येऊन वाकले.

पहिली भाकरी आत्याबाईंच्या ताटात वाढली, वर वरण. त्यांनी तुकडा मोडला, चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"जाड झालीया," आत्याबाई म्हणाल्या. "आन काठाला कच्ची हाय."

मालकांनी तांब्या खाली ठेवला. "आई! अगं आज तरी..."

पण माझं मन एकदम भरून आलं. हात भाजल्यापासून मला या घरात कुणी नाव ठेवलं नव्हतं. सगळे हळू बोलत, गोड बोलत, माझ्याकडे बघून हसत, जसं फार दिवस न टिकणाऱ्या माणसाशी वागतात. आत्याबाईसुद्धा. आज पहिल्यांदा त्या माझ्याशी चांगल्या माणसाशी बोलतात तसं बोलल्या होत्या.

"मग ताट सरकवा इकडं," मी म्हटलं. "दुसरी देते. आणि काठ बघून मग बोला."

दुसरी मी पातळ थापली. आत्याबाईंनी ती काही न बोलता संपवली, ताट पुढे केलं आणि तिसरी मागितली.